मर्यादित आवृत्तीचे फँटसी स्टॅच्यू : किंमत वाचायची कशी आणि बेळगावच्या दारापर्यंत मोजायची कशी

ड्रॅगन, चिलखतातले योद्धे, जटाधारी जादूगार, शिंगं असलेले राक्षस. अशा पात्रांचे पॉलिस्टोनचे स्टॅच्यू आता टिळकवाडी-शहापूरपासून निपाणी-खानापूरपर्यंत काचेच्या कपाटांत दिसू लागले आहेत. पुण्या-बेंगळुरूत नोकरी करणारी आपल्याकडची मुलं बोनस आला की एखादा मागवतात. घरी बॉक्स उघडला की आजोबा विचारतात, "एवढ्याला एवढे पैसे?" प्रश्न रास्त आहे. "लिमिटेड एडिशन आहे की" एवढंच उत्तर देणाऱ्याला आपण कशाचे पैसे दिले हे कळलेलं नसतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. बैठकीखाली छापलेला "२१३/७५०" (म्हणजे ७५० नगांपैकी २१३ वा) हा आकडा किमतीतला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. शिल्पकाराचा हात, रंगाऱ्याचा हात, वस्तूचं आकारमान आणि ती दारापर्यंत येण्याचा खर्च या चार गोष्टी आधी वाचायच्या, आकडा शेवटी. या क्रमानं गेलात तर पैसेही वाचतात आणि कपाटात ठेवलेली वस्तू दहा वर्षांनीही आवडते.

पहिली पायरी : वस्तू नेमकी काय आहे ते ओळखा

एकाच पात्राची तीन प्रकारची वस्तू बाजारात असते आणि फोटोत तिन्ही सारख्याच दिसतात. हातपाय हलणारी ॲक्शन फिगर, पीव्हीसीचा स्थिर पुतळा आणि पॉलिस्टोनचा स्टॅच्यू. पॉलिस्टोन म्हणजे रेझिनमध्ये (साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये) दगडाची पूड मिसळून ओतलेला माल. हाताला थंड लागतो, जड असतो, बारकावे सुरेख धरतो, पण ठिसूळ. तलवारीचं टोक, बोटं, पंखांच्या कडा आधी तुटतात. पीव्हीसी हलका आणि लवचीक. तो सहसा तुटत नाही, पण उन्हाळ्यात बारीक घोट्यांवर उभा असलेला पुतळा हळूहळू कलतो.

नंतर प्रमाण पाहा. १८० सेंटिमीटर उंचीचा माणूस १:६ प्रमाणात ३० सेंटिमीटर होतो, १:४ मध्ये ४५ आणि १:३ मध्ये ६०. उंची दीडपट झाली म्हणून किंमतही दीडपट असावी, असं वाटतं. तिथंच घोळ होतो. उंची दीडपट झाली की आकारमान तिपटीहून जास्त होतं आणि उंची दुप्पट झाली की आठपट. माल, रंगवायचा पृष्ठभाग, बॉक्स आणि भाडं त्याच बाजूला ओढले जातात. म्हणून १:६ चा योद्धा परवडतो आणि तोच १:३ मध्ये एकदम आवाक्याबाहेर जातो, यात लबाडी काही नाही.

ड्रॅगनच्या बाबतीत प्रमाणावर विसंबू नका. अशा प्राण्याचा स्टॅच्यू बहुधा ठरावीक प्रमाणात नसतोच, म्हणून लांबी, रुंदी, उंची आणि वजन हे चार आकडे वाचा. पंखांची रुंदी कपाटाच्या रुंदीपेक्षा जास्त निघाली, असं इथं सारखं होतं.

कोणत्या कंपनीचा कल कुठे आहे, हेही माहीत असावं. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनची वेटा वर्कशॉप १९८७ पासूनची. चित्रपटांसाठी शस्त्रं, चिलखतं, राक्षस घडवणारी मंडळी आणि १:६ मधले त्यांचे फँटसी स्टॅच्यू प्रसिद्ध. अमेरिकेतली साइडशो १९९४ पासूनची, १:४ साठी ओळखली जाणारी. जपानची प्राइम १ स्टुडिओ भव्य १:४ आणि १:३ बनवते. ब्राझीलची आयर्न स्टुडिओज १:१० मध्ये भरपूर काम करते, त्यामुळे सुरुवात करणाऱ्याला आणि छोट्या खोलीला ती सोयीची. सिंगापूरची एक्सएम स्टुडिओजही मोठ्या पॉलिस्टोनसाठी नावाजलेली आहे.

दुसरी पायरी : कारखान्यात किंमत कशी बनते ते समजून घ्या

शिल्पकार आज बहुतेक काम संगणकावर, झेडब्रशसारख्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. मग थ्रीडी प्रिंट निघते, ती घासून गुळगुळीत होते आणि एक रंगारी तिच्यावर नमुना रंगवतो. पात्राचे हक्क ज्यांच्याकडे असतात ते चेहरा, पोशाख, रंग तपासून दुरुस्त्या सांगतात. कधी कधी मान्यतेच्या फेऱ्यांतच महिने जातात. मान्यतेनंतर सिलिकॉनचे साचे होतात, रेझिन ओतलं जातं, जोडरेषा घासल्या जातात आणि प्रत्येक नग हातानं रंगवला जातो. त्यावर हक्कधारकाची रॉयल्टी, थर्माकोलच्या खोबणींचं पॅकिंग, दुहेरी पुठ्ठ्याचा बॉक्स आणि जहाजाचं भाडं.

यातला साच्याचा मुद्दा कळला की "मर्यादित" मागचं निम्मं गूढ सुटतं. सिलिकॉनच्या साच्यातून काही डझन नग निघाले की तो झिजतो, कडा बोथट होतात, नवा साचा घ्यावा लागतो. पीव्हीसीसाठी पोलादी साचा लागतो. तो फार महाग, पण त्यातून हजारो नग निघतात. म्हणजे पॉलिस्टोनची आवृत्ती लहान असते ती काही अंशी उत्पादनाच्या पद्धतीमुळेच. उद्यमबागेत फौंड्री चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पॅटर्न, साचा, आकुंचन, फिनिशिंग हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले.

आता एक मानीव हिशेब. समजा शिल्प, नमुना, मान्यता आणि साचे यांचा एकूण खर्च ४० लाख रुपये. आवृत्ती ४०० नगांची असेल तर प्रत्येक नगावर १०,००० रुपये बसतात, २,००० नगांची असेल तर फक्त २,०००. लहान आवृत्ती महाग असण्याचं प्रामाणिक कारण हे एवढंच. या फरकापेक्षा बरीच जास्त रक्कम कंपनी केवळ "फक्त ४००" या शब्दांवर मागत असेल, तर ते पैसे तुम्ही शिल्पाला देत नसून घाईला देत आहात.

तिसरी पायरी : आवृत्तीचा आकडा बारकाईनं वाचा

आकडा पाहताना चार प्रश्न विचारा. तो आधीच ठरलेला आहे, की नोंदणी संपल्यावर जेवढ्या मागण्या आल्या तेवढे नग जाहीर होणार आहेत? तो या एकाच रूपाचा आहे, की साधं रूप, खास रूप आणि रंग बदललेलं रूप धरून आहे? कलाकार-प्रत म्हणून वेगळे ठेवलेले नग त्यात मोजले आहेत का? आणि "एक्सक्लुझिव्ह" म्हणून जो जास्तीचा मुखवटा किंवा हात मिळतो, तो तुम्ही कपाटात खरंच लावणार आहात का?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबा. दुसरं डोकं, दुसरी तलवार, बंद मुठीऐवजी उघडा पंजा यांचे पैसे वेगळे लागतात. एकदा मांडलेला बारा किलोचा स्टॅच्यू उतरवून डोकं बदलायला कुणी जात नाही. तो भाग बॉक्समध्येच राहतो. जे रूप पाहून मन बसलं तेवढंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

कमी नग म्हणजे पुढे जास्त भाव, हाही पक्का नियम नाही. जुन्या बाजारात भाव पाडणारी खरी गोष्ट वेगळी आहे : त्याच पात्राचा नवा, जास्त चांगल्या चेहऱ्याचा स्टॅच्यू. ३०० नगांच्या आवृत्तीचा चेहरा फसलेला असेल आणि दोन वर्षांनी १,५०० नगांची सुबक आवृत्ती आली, तर लोक दुसरीकडेच जातात. उलट मोठ्या आवृत्तीचा, पण पात्राचं सर्वोत्तम रूप ठरलेला स्टॅच्यू मागणीत राहतो. बैठकीखालचा क्रमांक एक असला किंवा तुमच्या जन्मतारखेशी जुळला तर त्याचा आनंद जरूर घ्या. विकताना बहुतेकांना त्याचं मोल नसतं.

चौथी पायरी : डोळ्यांनी पारख करा

आपल्या भागातल्या माणसाकडे ही नजर मुळातच असते. लोकमान्य टिळकांनी बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला तो १९०५ मध्ये. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या इथली माणसं आषाढ-श्रावणात मूर्तिशाळेत उभी राहून मूर्ती निवडत आली आहेत. मुकुट कितीही भारी असो, डोळ्यांची आखणी चुकली की मूर्ती घेत नाहीत. स्टॅच्यू पाहताना हीच नजर लावा.

चेहऱ्यापासून सुरुवात करा. दोन्ही बुबुळं एकाच दिशेला बघतात का? पापणीची रेघ एकसारखी बारीक आहे, की मध्येच जाड झाली आहे? ओठांचा रंग कडेबाहेर गेला आहे का? त्वचा आणि केस जिथं भेटतात तिथली सीमा स्वच्छ आहे का? फँटसी पात्राला दाढी, जटा, शिरस्त्राण असतं आणि खराब काम त्याखाली लपवलं जातं, म्हणून उघड्या चेहऱ्याचे जवळचे फोटो मागा.

मग रंगाचे थर. चांगल्या कामात घडीच्या खोलात गडद पातळ रंग उतरवलेला असतो आणि उंचवट्यावर कोरड्या ब्रशनं फिका हात फिरवलेला असतो. चिलखत, चामडं, कातडी, दगड यांची चमक वेगवेगळी असते. सगळ्यांवर एकच तकाकी दिसली तर रंगाऱ्याला वेळ मिळालेला नाही. हात खांद्याला, डोकं मानेला जोडतात तिथली फट पाहा. केसांच्या मागे आणि झग्याच्या आत जोडरेषा राहिली आहे का, तेही पाहा.

पवित्र्याची पारख जरा अवघड. इथली मुलं दिवाळीत अंगणात किल्ला बांधून मावळे मांडत मोठी होतात आणि शिवजयंतीच्या रात्री चित्ररथ पाहायला जागतात. त्यामुळे उभा केलेला प्रसंग जिवंत आहे की नुसता उभा आहे, हे आपल्याला पटकन कळतं. वजन कोणत्या पायावर आहे? तलवार उचललेल्या खांद्याचा ताण मानेपर्यंत गेला आहे का? कपडा हालचालीच्या उलट दिशेला उडतो आहे का? फोटो मोबाईलवर अगदी लहान करून पाहा. नुसत्या बाह्यरेषेवरून पात्र ओळखू आलं, तर शिल्प भक्कम आहे. बैठकही तपासा. काही स्टॅच्यूंची निम्मी उंची खडकात आणि पडक्या खांबात गेलेली असते, म्हणजे पैसे पात्राचे दिलेत आणि आला खडक.

सगळ्यात मोलाची सूचना आता. जाहिरातीतला फोटो नमुन्याचा असतो. तो नमुना एका निष्णात रंगाऱ्यानं दिवसचे दिवस बसून रंगवलेला असतो. तुमच्याकडे येणारा नग कारखान्यातल्या रांगेत रंगवला जातो. म्हणून ज्यांच्याकडे स्टॅच्यू पोचला आहे त्यांनी घरच्या उजेडात काढलेले फोटो आणि व्हिडिओ पाहिल्याशिवाय मोठी रक्कम गुंतवू नका. तुमचा स्टॅच्यू अजून बाजारात आला नसेल, तर त्याच कंपनीचे मागचे दोन-तीन नमुने आणि त्यांचे प्रत्यक्ष नग शेजारी ठेवून पाहा. अंतर किती पडतं, त्यावरून कंपनी कळते.

पाचवी पायरी : दारापर्यंतचा हिशेब कागदावर मांडा

इथं घाई करू नका. कंपनीच्या पानावर दिसणारी किंमत आणि बेळगावात पडणारी किंमत यांत मोठी दरी असते.

आयात शुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, भाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते ती करपात्र किंमत. तिच्यावर मूळ आयात शुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि मग या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. म्हणजे करावर कर. उदाहरणासाठी डॉलर ९० रुपये, मूळ शुल्क २० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू.

स्टॅच्यू ६०० डॉलर, विम्यासह भाडं २०० डॉलर. एकूण ८०० डॉलर म्हणजे ७२,००० रुपये.
मूळ शुल्क १४,४००. अधिभार १,४४०. बेरीज ८७,८४०.
त्यावर आयजीएसटी १५,८११. आता १,०३,६५१.
परदेशी व्यवहारासाठी बँकेचं कार्ड साडेतीन टक्के लावत असेल, तर त्यावरच्या जीएसटीसह २,९७४.
कुरिअर कंपनीचं क्लिअरन्स शुल्क १,४०० धरू.

एकूण सुमारे १,०८,००० रुपये. कंपनीच्या पानावरची किंमत होती ५४,०००. बरोबर दुप्पट.

हे दर मी हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत. मागवायच्या दिवशीचे दर सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पाहा, कारण अर्थसंकल्पात ते बदलतात. वैयक्तिक वापराच्या पार्सलला शुल्काच्या यादीतलं ९८०४ हे वेगळं शीर्ष लावलं जातं आणि त्याचा दर निराळा असतो. वस्तू खेळणं मानली गेली तर गणित फारच बिघडतं. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. वरच्या उदाहरणात नुसतं मूळ शुल्कच ५०,४०० होईल. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. म्हणून बिलावर आणि पार्सलच्या चिठ्ठीवर "प्रौढ संग्राहकांसाठी शोभेचा पुतळा, पॉलिस्टोन" असं खरं आणि स्पष्ट वर्णन लिहायला विक्रेत्याला आधीच सांगा. "टॉय" हा शब्द सवयीनं लिहिला जातो आणि तो महागात पडतो.

"भेट म्हणून पाठवा, किंमत कमी लिहा" हा सल्ला ऐकू नका. पोस्ट-कुरिअरनं येणाऱ्या भेटवस्तूंची ५,००० रुपयांपर्यंतची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. कमी किंमत लिहिणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय वाटेत वस्तू फुटली तर विमाही त्या खोट्या किमतीपुरताच मिळतो.

भाड्याचा एक सापळा आहे. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकारमानाचं वजन काढताना सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून बहुधा ५,००० नं भागतात. ६० × ५० × ५० चा बॉक्स म्हणजे ३० किलो, आत स्टॅच्यू १२ किलोचा असला तरी. म्हणून नोंदणी करण्याआधी बॉक्सची मापं विचारा.

भारतातल्या अधिकृत वितरकाकडून घेतलं तर यादीतली किंमत जास्त दिसते, पण शुल्क त्यातच आलेलं असतं, बिल रुपयांत मिळतं आणि बहुतेक वेळा हप्त्यांची सोय असते. मोठ्या, जड स्टॅच्यूसाठी मी नेहमी हाच मार्ग सुचवतो. तक्रारीची वेळ आलीच तर भारतीय विक्रेत्याविरुद्ध दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, म्हणजे विक्रेता मुंबईचा असला तरी तक्रार बेळगावात करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. परदेशी विक्रेत्याच्या बाबतीत मात्र कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत मागणं हाच काय तो व्यवहार्य उपाय उरतो, म्हणून तिथं थेट खात्यात पैसे पाठवू नका.

सहावी पायरी : आगाऊ नोंदणी की जुना बाजार, ते ठरवा

आगाऊ नोंदणीत अनामत भरावी लागते आणि ती बहुधा परत मिळत नाही. दिलेली तारीख पुढे सरकते. वर्ष-दीड वर्ष थांबण्याची तयारी ठेवा. या काळात डॉलर वाढला तर उरलेल्या रकमेचा बोजा तुमच्यावर, हे बाहेरून मागवताना विसरू नका. पहिल्याच दिवशी नोंदणी करावी अशी फार थोडी शिल्पं असतात : पात्र लाडकं, शिल्पकाराचं नाव मोठं आणि आवृत्ती आधीच ठरलेली, असं तिन्ही जुळलं तरच.

बाकीच्यांसाठी एक चांगली वेळ असते. माल निघाल्याचा मेल येतो आणि उरलेली रक्कम भरायची मुदत लागते, तेव्हा ज्यांनी उत्साहात तीन-चार नोंदण्या करून ठेवल्या आहेत त्यांना पैसे जमत नाहीत. ते आपली जागा अनामतीवर पाणी सोडून देतात. प्रतीक्षा यादीतल्यांनाही याच सुमारास बोलावणं येतं. शिवाय तोपर्यंत पहिल्या नगांचे खरे फोटो आलेले असतात. म्हणजे वस्तू प्रत्यक्षात कशी आहे ते कळल्यावर, मूळ भावात किंवा त्याखाली मिळते. थांबता येणाऱ्याला याहून चांगली संधी नाही.

जुन्या बाजारात भाव ठरवताना मागितलेली किंमत पाहू नका, विकली गेलेली पाहा. वर्षभर तशीच पडून असलेली दीड लाखाची जाहिरात म्हणजे विक्रेत्याची इच्छा, भाव नव्हे. मूळ बॉक्स, बाहेरचा पुठ्ठा, प्रमाणपत्र आणि सुटे भाग आहेत का ते विचारा. बॉक्स नसेल तर भाव बराच उतरायला हवा, कारण खोबणीच्या पॅकिंगशिवाय पॉलिस्टोन सुरक्षित पाठवणं जवळजवळ अशक्य असतं.

आपल्या जागेचा एक मोठा फायदा इथं कामाला येतो. बेळगाव पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे. कोल्हापूर आणि हुबळी दोन्हीकडे जायला साधारण शंभर किलोमीटर. विक्रेता या वाटेवरचा असेल तर कुरिअर टाळा आणि गाडी घेऊन जा. वस्तू हातात घेऊन, भाग जोडून बघूनच पैसे द्या. बॉक्स मागच्या सीटवर आडवा न टाकता, वर बाण दाखवतो तसा उभा ठेवून पट्टा लावा.

सातवी पायरी : नकली माल ओळखा

अस्सल स्टॅच्यूवरून साचा काढून ओतलेला नकली नग अस्सलपेक्षा किंचित लहान निघतो, कारण रेझिन घट्ट होताना आकसतं. मोजपट्टी लावून कंपनीनं दिलेल्या मापाशी ताडा. साखळीच्या कड्या, खवले, केसांच्या बटा अशा जागी बोथटपणा दिसतो. हक्कधारकाचं चिन्ह आणि क्रमांक बैठकीखाली नसतो, किंवा बॉक्सवरचा एक आणि बैठकीवरचा दुसराच असतो. विक्रेता फक्त कंपनीचेच फोटो पाठवत असेल, तर एका चिठ्ठीवर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून ती वस्तूशेजारी ठेवलेला फोटो मागा. टाळाटाळ झाली की तिथंच थांबा. नव्या, मागणीतल्या १:४ स्टॅच्यूचा भाव मूळ किमतीच्या पाव हिश्श्यावर आला असेल, तर तो नग शिल्पकाराची मेहनत चोरून काढलेला आहे. तो घरात आणू नये, कितीही स्वस्त पडला तरी.

आठवी पायरी : पार्सल उघडणं आणि जोडणं

कुरिअरवाला दारात असतानाच बाहेरच्या पुठ्ठ्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढा. कोपरा चेपला असेल तर पोचपावतीवर तसं लिहूनच सही करा. नंतर उघडण्याचा व्हिडिओ न थांबवता, सलग काढा. पार्सलवरचा पत्ता त्यात दिसला पाहिजे. तुटलेल्या भागाची भरपाई बहुतेक वेळा या व्हिडिओवरच मिळते किंवा अडते.

खोबणीतून भाग काढण्याआधी त्यांची मांडणी टिपून ठेवा, पुढे पॅक करताना लागते. जोडणी पलंगावर किंवा जमिनीवर गादी टाकून करा. बैठक, पाय, धड, हात, डोकं आणि सगळ्यात शेवटी शस्त्रं असा क्रम. खुंटी बसत नसेल तर जोर लावू नका, दिशा तपासा. पीव्हीसीचा भाग कोमट पाण्यात धरून मऊ करता येतो. पॉलिस्टोनला हा उपाय लागू नाही.

बोट किंवा तलवार तुटलीच, तर पटकन चिकटणारा पातळ गोंद वापरू नका. त्याच्या वाफेनं आजूबाजूच्या रंगावर पांढुरकी छटा येते. दोन ट्यूब मिसळून लावायचा इपॉक्सी घ्या, जोड रात्रभर हलवू नका. वजन पेलणारा भाग असेल तर आत बारीक तार घालावी लागते. रंगाचा टवका उडाला असेल तर गावातला चांगला मूर्तिकार तेवढाच ठिपका इतका बेमालूम मिळवून देतो की शोधावा लागतो. मात्र गणपतीच्या हंगामात त्याच्याकडे जाऊ नका. अनंत चतुर्दशीनंतर जा. आणि ती दुरुस्ती पुढे विकताना लपवू नका.

नववी पायरी : आपल्या हवेत सांभाळा

बेळगावचा पाऊस, आणि खानापूर-जांबोटीकडचा तर त्याहून जास्त, स्टॅच्यूपेक्षा बॉक्सचा शत्रू आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुठ्ठा ओल धरतो, बुरशी चढते, वाळवी लागते. बॉक्स भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका. फळीवर ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसाळा संपला की एकदा उघडून वारा द्या. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये इतकी उष्णता साठते की तिथं पीव्हीसी ठेवूच नये.

कपाट बंद काचेचं असावं. स्टॅच्यूचं वजन आधी सुताराला सांगा. बारा-पंधरा किलो एका फळीवर येणार असेल तर तो जाड प्लाय आणि मधला आधार सुचवेल. उंच कपाट भिंतीला ठोकून घ्या. खिडकीतून येणारं थेट ऊन रंग उडवतं, म्हणून ती भिंत टाळा. एलईडीची पट्टी अगदी समोरून लावली तर चेहरा सपाट दिसतो. थोडी वरून आणि बाजूनं लावा, म्हणजे शिल्पकारानं खोदलेल्या सावल्या उमटतात. धूळ मऊ मेकअप ब्रशनं आणि हवेच्या फुग्यानं काढा. ओलं फडकं नको.

दहावी पायरी : नोंद ठेवा

मोबाईलमध्ये एक तक्ता पुरेसा आहे. वस्तूचं नाव, आवृत्ती आणि क्रमांक, मूळ किंमत, दारापर्यंत पडलेली एकूण किंमत, बिलाचा आणि शुल्क भरल्याच्या पावतीचा फोटो, बॉक्सची मापं, दुरुस्ती झाली असल्यास ती. वर्षाचं बजेट याच तक्त्याच्या वरच्या ओळीत लिहा आणि त्यात दारापर्यंतची किंमत धरा, कंपनीच्या पानावरची नव्हे. विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक जे विचारतं ते सगळं या तक्त्यात असतं. घरात कुणाला न सांगता केलेला संग्रह असेल तर तक्ता एका विश्वासातल्या माणसाला दाखवून ठेवा, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत कुणी तो स्टॅच्यू शोभेची वस्तू समजून भंगारात किंवा आहेरात देणार नाही.